रडू मागणारी रेवू

राणीच्या बागेच्या कडेला एक पांढरंशुभ्र बालघर होतं. निळी दारं, गुलाबी पडदे, रांगेने चिमुकले पाळणे आणि पाळण्यांना चांदीची घुंगरं. आईबाप नसलेली मुलं तिथे राहत. दूध होतं, दुपटी होती, खुळखुळे होते. फक्त कुणाला कुणाचा लळा लागायची परवानगी नव्हती.

हा नियम कारभाऱ्यांचा. कारभारी फार हुशार होते. निदान ते स्वतः तसं सांगत. लळा लागला की मूल रडतं आणि मूल रडलं की घराची शोभा जाते. म्हणून एखादं बाळ एखाद्या दाईला बिलगू लागलं, की कारभारी दाईच बदलत.

तिथेच राहणाऱ्या रेवूचा धाकटा भाऊ टिल्लू सगुणामावशी नावाच्या दाईला बिलगला. झालं. मावशीची रवानगी धुणीघरात. टिल्लू आधी खूप रडला, मग थोडंसं, मग रडेनासाच झाला. रेवू त्याला मांडीवर घेऊन दूध पाजायची, तर ते ओठांतून ओघळून जायचं आणि डोळे छताकडेच. कारभाऱ्यांनी त्याला शहाणं बाळ ठरवलं.

ते ऐकून रेवू तरातरा बागेत गेली. जुईच्या वेलावर लाथ मारणार, तोच तिला दिसलं, एका इवल्याशा कळीला टेकून परी झोपली आहे. सोनपिवळे पंख, दवाच्या थेंबाएवढा मुकुट. एवढ्या रागातही रेवूने पाय हळूच मागे घेतला.

परीने डोळे उघडले. तिने रेवूला एक इच्छा देऊ केली. अटी दोनच: स्वतःसाठी काही मागायचं नाही, आणि कुणाचं मन बदलून मिळणार नाही. रेवूने आधी कारभाऱ्यांचा बेडूक करून मागितला. परी म्हणाली, त्याला बेडूकच हरकत घेतील.

"मग टिल्लूला रडू येऊ दे," रेवू म्हणाली.

"रडू? लोक हसू मागतात गं, बाळा."

"तो रडला की मावशी यायची. आता त्याला वाटतं, कुणी येणारच नाही. म्हणून गप्प आहे तो. शहाणा नाहीये."

परीच्या पंखांच्या कडा लालबुंद झाल्या. "रागावली आहेस?" तिने रेवूला विचारलं.

"हो."

"राहा तशीच."

दुसऱ्या दिवशी राणीसाहेब पाहणीला आल्या. कडेवर त्यांची छकुली, आईचा पदर मुठीत घट्ट धरून बसलेली. कारभारी कौतुकाने त्यांना बालघरातली शांतता दाखवत होते. एवढ्यात धुतलेली दुपटी घेऊन सगुणामावशी दारात आली. टिल्लूने मान वळवली. त्याचा ओठ थरथरला आणि त्याने असा टाहो फोडला, की पाळण्यांची घुंगरं वाजली.

मावशीने दुपटी टाकून त्याला उचललं. तिच्या मानेत तोंड खुपसून तो हुंदके देत शांत झाला.

कारभारी म्हणाले, "खाली ठेव त्याला. सवय लागेल."

"ठेवू नकोस, मावशी," रेवू म्हणाली. मग ती राणीसाहेबांकडे वळली. "तुमची छकुली काढून घेतली तर ती किती दिवस रडेल? आणि मग गप्प झाली, तर तिला शहाणी म्हणाल?"

राणीसाहेबांनी छकुलीला छातीशी धरलं. मग त्यांनी बदललेल्या सगळ्या दायांना आपापल्या बाळांकडे परत बोलावलं. कारभाऱ्यांना मात्र त्यांनी दर महिन्याला नव्या गावी पाठवायचं ठरवलं, खुर्चीचा लळा लागू नये म्हणून.

मावशीने दुसरा हात पसरला. रेवू तिच्या कुशीत शिरली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली. हे तिने मागितलं नव्हतं.

खिडकीत सोनेरी प्रकाश लख्खकन उजळला आणि त्यात परी विरून गेली. कुणी पाहिलं नाही. आत फार मोठ्याने रडणं चाललं होतं.