टेकडीपर्यंतचा धागा

त्या राज्यात औषधी झाडे सपाटीवर होती आणि आजार टेकडीवर फार होता.

टेकडीवरच्या प्राण्यांना औषधाच्या सालीसाठी खाली उतरावे लागे. सालींच्या कोठारावर एक वानर बसे. तो येणाऱ्याला चेहऱ्याने ओळखी, काय दुखते ते विचारी आणि साल तोडून देई. कधी तो झोपलेला असे. कधी चांगल्या साली त्याच्या सोयऱ्यांकडे आधीच पोहोचलेल्या असत. तक्रारी झाल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

राज्य एका हत्तिणीचे होते. तिचे मन मोठे होते. देहही मोठा असल्याने टेकडीची अरुंद वाट ती कधी चढली नव्हती. तिने फर्मान काढले की यापुढे कुणालाही वानराची मनधरणी करावी लागणार नाही. जाळी विणणाऱ्या कातिणी प्रत्येक बिळापर्यंत धागा नेतील. धाग्यावर पाय ठेवला की त्याची थरथर राजवाड्यात पोहोचेल, तिथली थोरली कातीण थरथरीवरून प्राणी ओळखेल, आणि साल घरपोच मिळेल.

सपाटीवर हे खरोखरच घडले. पाणकोंबडीला घरट्यात बसल्या बसल्या पोटदुखीची साल मिळाली, तेव्हा तिने कौतुकाने सगळे तळे गोळा केले. टेकडीवर मात्र एक खुंट रोवला गेला. त्याला हार घातला गेला, भाषणे झाली आणि धागा पाठोपाठ येतोच आहे असे सांगून मंडळी उतरली.

उन्हे तापू लागली तेव्हा टेकडीवरच्या साळूच्या पिल्लाचा डोळा सुजला. ही साळू कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी. पिल्लाला कपारीत निजवून ती पूर्वीसारखीच कोठारावर गेली. वानराच्या पाठीमागे डोळ्याची साल वाळत टांगलेली होती, आणि पुढ्यात आता राजवाड्याचा धागा ताणलेला होता.

"वानरदादा, पोराचा डोळा पार मिटलाय. एक तुकडा द्या."

"धाग्यावर पाय ठेवा, बाई."

तिने ठेवला. राजवाड्यातून उलट थरथर आली नाही.

"तुमची ओळख लागत नाही," वानर म्हणाला. "पहिली थरथर स्वतःच्या बिळातून यावी लागते."

"माझ्या बिळापर्यंत धागाच आलेला नाही."

"मग तक्रार करा."

"कुठं?"

वानराने खाली पाहिले. "धाग्यावरूनच."

"अहो, तुम्ही मला ओळखता! माझ्या आईलाही साल तुम्हीच दिली होती."

"ओळखतो, बाई. पण माझ्या ओळखीवर आता साल सुटत नाही. एक तुकडा कमी भरला तर उद्या मी इथं नसेन."

साळूने सालीकडे पाहिले. अंगावरचे काटे आपोआप उभे राहिले, तिने ते आवरले आणि राजवाड्याची वाट धरली.

थोरल्या कातिणीने तिला अगत्याने बसवून घेतले आणि राज्याचे सबंध जाळे दाखवले. टेकडीच्या जागी दवाचा टपोरा थेंब चमकत होता.

"तुमची टेकडी जोडली गेलेली आहे."

"नाही हो. तिथं नुसता खुंट आहे."

"खुंट आहे ना? मग झालं तर." कातीण समजुतीने हसली. "सवय नाही तुम्हा मंडळींना अजून. पाय नीट ठेवत चला."

साळू परतली तेव्हा पिल्लाची सूज ओसरली होती. ते आनंदाने तिच्याकडे धावले आणि वाटेतल्या दगडावर आपटले. तो दगड त्याच्या डाव्या बाजूला होता. साळूने त्याचा चेहरा पंजांत धरून उजेडाकडे वळवला. डाव्या डोळ्यात दुधासारखा पांढरा पडदा आला होता. बराच वेळ ती तो चाटत राहिली.

पुढे एकदाचा धागा आला. वाजतगाजत आला. राजवाड्यापर्यंत जाऊन आलेली म्हणून पहिला मान साळूला द्यायचा ठरले, आणि कातिणींनी धागा थेट तिच्या बिळाच्या तोंडाशी आणून ताणला.

"या ताई, ठेवा पाय," त्या म्हणाल्या. "महाराणी स्वतः दुसरं टोक धरून बसल्यात."

साळू बाहेर आली. धागा तिने हुंगला. त्याच्यावर पाय ठेवला नाही. मान खाली घालून तिने तो पुढच्या दातांत धरला आणि कुरतडू लागली. धागा चिवट होता. पिल्लू चांगला डोळा वळवून बघत राहिले.

राजवाड्यात हत्तिणीच्या सोंडेला जोराचा हिसका बसला. इतकी मोठी थरथर आजवर कुठूनही आली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"ऐका, टेकडी बोलतेय!" ती म्हणाली. "किती भरभरून बोलतेय!"

ढोल वाजू लागले. हरणांनी फेर धरला. हत्तिणीने डोळे मिटून घेतले, आणि तिच्या सोंडेत धागा थरथरत राहिला; आधी जोराने, मग आणखी जोराने.