चिंचेच्या ढोलीची दुरुस्ती

विषय: माळावरील चिंचेच्या ढोलीची दुरुस्ती. संदर्भाधीन प्रकरणी नमूद करण्यात येते की, फार पूर्वी त्या ढोलीत पिंगळा सहकुटुंब राहत असे. ढोली गळू लागली आणि पिंगळीण तर अंड्यांवर बसलेली, म्हणून पिंगळ्याने दरपत्रके मागवली.

सुतारपक्ष्याने खोड ठोकून पाहिले. "दादा, आधी कुजका भाग काढावा लागेल. वीस दिवस, रोजच्या पन्नास अळ्या."

वाळवीने कळवले, "मजुरी काही नको. निघेल ते लाकूड आमचे."

"अहो, फुकट काम करणारे खातात काय?" पिंगळिणीने विचारले.

"तू अंडी सांभाळ. सर्वांत कमी दर तोच मंजूर, असा नियम आहे," पिंगळा म्हणाला आणि सगळ्या झाडादेखत सुतारपक्ष्याला लुटारू म्हणाला.

वाळवीने काम मुदतीआधी संपवले. लाकूड सगळेच निघाले.

ढोली खचताना सुतारपक्ष्यानेच अंडी उचलून आपल्या घरी नेली. "वहिनी, आत बसा. दादा, तुम्हीही या," एवढेच तो म्हणाला.

त्याच दिवशी पिंगळ्याने माफीचा अर्ज लिहिला. पण सुतारपक्षी समोर आला की पिंगळ्याची मान थेट पाठीकडे वळते. पिल्ले उडून गेली. अर्ज अद्याप पिंगळ्याच्याच पंखाखाली प्रलंबित आहे.