सांभाळायला ठेवलेली पोर

समुद्रकाठच्या एका गावात नागूबाय नावाची एक विधवा राहायची. नवरा दर्यात बुडाला होता, मूलबाळ नव्हतं. लोकांची फाटकी जाळी सांधून ती पोट भरी.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इंग्रजांचं एक गलबत पिण्याचं पाणी भरायला बंदराला लागलं. कप्तानाची लहान मुलगी तापाने फणफणली होती. दर्या खवळायच्या आत गलबत निघायला हवं होतं आणि पोरीला तो प्रवास झेपणार नव्हता. कप्तानाने बेशुद्ध मुलीला नागूबायच्या झोपडीत निजवलं, हात जोडले आणि तो भरल्या डोळ्यांनी काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" नागूबायने बंदरावरच्या दुभाष्याला विचारलं.

दुभाष्याचं इंग्रजी बंदरावर कानांवर पडलं तेवढंच. पण सगळा गाव आपल्या तोंडाकडे बघतोय म्हटल्यावर 'मला नीट कळलं नाही' असं म्हणायची त्याला लाज वाटली.

"'लीव्ह' म्हणतोय. म्हणजे सोडलं. पोरीला टाकून चाललाय."

नागूबायने पोरीला चमच्याचमच्याने पेज पाजली, काढे दिले, ती तिला मांडीवर घेऊन बसली. पोर वाचली. हळूहळू गावची भाषा बोलू लागली, नागूबायला 'आये' म्हणू लागली. एक दिवस खेळता खेळता मुलांनी तिला चिडवलं. ती धावत घरी आली.

"आये, माझ्या बाबांनी मला टाकलं?"

"तसंच म्हणाला तो, बाळा. पण मी आहे ना!"

त्या दिवसापासून पोर दर्याकडे पाठ करून बसायची.

दोन पावसाळे गेले. दुभाषी दूरच्या मोठ्या बंदरावर काम करून परतला, तो थेट नागूबायकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाय, चूक झाली माझ्या हातून. तिथे एका साहेबाने माझ्या हाती घोड्याचा लगाम दिला, तोच शब्द बोलला आणि जेवायला गेला. जेवून आला नि घोडा मागू लागला! त्या शब्दाचा अर्थ 'सांभाळायला ठेवून जातो' असाही होतो गं. तो पोरीला न्यायला येणार आहे."

नागूबायच्या हातातली सुई थांबली.

"पण तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही," दुभाषी खाली बघत म्हणाला. "तू म्हणशील तर मी गप्प राहीन."

"राहा गप्प," ती पटकन बोलून गेली. पोरीने बापाची आस सोडली म्हणून तर ती आपली झाली होती. आता ती परत कशी द्यायची?

दुसऱ्या दिवशी शेजारणीचं तान्हं रडत होतं. पोर त्याला थोपटत होती. नागूबायच्या कानांवर शब्द आले, "रडू नको रे. रडलास तर तुलाही टाकतील."

हातातलं जाळं तसंच टाकून नागूबायने पोरीला जवळ ओढलं.

"बाळा, तुला कुणी टाकलं नाही. तुझा बाप तुला माझ्याकडे ठेवून गेला. त्याचा शब्द समजायला आम्ही चुकलो."

पोर उठून किनाऱ्यावर गेली आणि दर्याकडे तोंड करून बसली. नागूबायने पदराने डोळे पुसले.

थंडी सरता सरता गलबत आलं. पोर कमरेएवढ्या पाण्यात धावत गेली. बापाने तिला उचलून छातीशी धरलं. निघताना मात्र तिने नागूबायच्या गळ्याला अशी मिठी मारली, की सुटेना. अखेर नागूबायनेच तिचे हात हलकेच सोडवले आणि तिला होडीत बसवलं.

शीड दिसेनासं झाल्यावर शेजारीण हळहळली, "बोलली नसतीस, तर पोर बापाकडे गेलीच नसती गं, राहिली असती तुझ्यापाशी."

"राहिली असती," नागूबाय म्हणाली. "पण टाकलेली म्हणून राहिली असती."

तात्पर्य: ज्या गैरसमजामुळे आपलं माणूस आपल्याजवळ राहतं, पण मनात झुरत राहतं, तो गैरसमज जपणं ही माया नव्हे.