भक्कम कुलूप

वस्तूंना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. त्र्यंबकरावांचं चाकांवरचं घर तळ्याकाठी मुक्कामाला थांबलं. चोरांच्या भीतीनं त्यांनी बाहेरचा जनरेटर जाड साखळीनं घडीच्या टेबलाच्या पायाला बांधला आणि मोठं कुलूप लावलं.

"मालक, टेबल हलकं आहे. मला गाडीच्या सांगाड्याला बांधा ना," जनरेटर काकुळतीला आला.

"अरे, कुलूप बघ किती भक्कम आहे!" असं म्हणत त्र्यंबकराव बायकोला घेऊन तळ्यावर फिरायला गेले.

भरदुपारी दोन चोर आले. त्यांनी टेबल उचललं, पायाखालून साखळी सोडवली आणि कुलपासकट जनरेटर पळवला.

"बघ, मला कोणी उघडू शकलं का?" वाटेत कुलूप ऐटीत म्हणालं. जनरेटर रडत होता.

परतल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला. त्र्यंबकरावांनी मात्र खिसा चाचपला.

"घाबरू नकोस," ते म्हणाले, "किल्ली माझ्याकडेच आहे."