थरथर गाळणारी कांडी

टीव्हीखालच्या कपाटात लोक अजून सीडी रचून ठेवत, त्या काळातली ही गोष्ट. अशाच एका कपाटात हाताची हालचाल टिपून पडद्यावर उतरवणारी व्हिडिओ गेमची एक कांडी राहायची आणि वर टीव्हीपाशी त्याच गेमचा एक कॅमेरा. हेमांगीताई कधी कांडी धरून हवेत बॅडमिंटन खेळत, कधी रिकाम्या हातांनी कॅमेऱ्यासमोर नाचत. त्यांना जास्त कोण ओळखतं, यावरून दोघांचं रोज वाजायचं.

"त्यांच्या मनगटाचं वळणन् वळण मला ठाऊक आहे," कांडी म्हणायची.

"मनगटापलीकडे तुला येतं काय? मी त्यांना नखशिखांत पाहतो," कॅमेरा फणकारायचा.

पुढे हेमांगीताईंचा हात थरथरू लागला. बारीक थरथर म्हणजे चूक, ती गाळून टाकायची, असं कांडीला कारखान्यातच शिकवलेलं. तिनं ती इमानानं गाळली. पडद्यावरची रॅकेट जराही थरथरली नाही.

"बघ, याला म्हणतात सफाई!" ती कॅमेऱ्याला म्हणाली.

काही महिन्यांनी ताई कॅमेऱ्यासमोर आल्या त्या चाकाच्या खुर्चीत बसून. कॅमेऱ्याला फक्त उभी माणसं ओळखता येत. त्यानं पडद्यावर लिहिलं, 'समोर कोणी नाही.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. "खरंय बाबा," त्या म्हणाल्या. त्यांनी टीव्ही बंद केला आणि कपाटाचं दार लावून घेतलं. ते पुन्हा उघडलं नाही.

"तुला आधी काहीच जाणवलं नव्हतं?" बऱ्याच दिवसांनी कॅमेऱ्यानं वरून विचारलं.

"जाणवलं होतं," अंधारातून कांडी म्हणाली. "सगळ्यांच्या आधी. मीच ते पुसत राहिले."