तान्ह्या मुठीचं दार

दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झाली होती, असं सांगतात. तेव्हा गावात घड्याळ कुणाकडे होतं, हे मला विचारू नका. गावच्या सणाला येणाऱ्या पाहुण्यांना कायतान आजा चर्चच्या अंगणात बसवून हे सांगतो आणि वेळ हीच सांगतो, म्हणून मीही तीच लिहिते.

आमचं करंजभाटचं चर्च खाडीच्या काठी उंचवट्यावर आहे. दाराची किल्ली चांगली वीतभर लांब, पण तिची खुंटी उंबऱ्याच्या जराच वर, रांगत्या मुलाच्या हाताला येईल अशी. एवढ्या खाली का, असं सगळेच विचारतात.

फार पूर्वी म्हणे चर्चच्या कामांच्या पायऱ्या होत्या. सगळ्यात खाली दारपाल. बिशप त्याच्या हातात किल्ली ठेवायचा, तो दार उघडून, घंटा वाजवून दाखवायचा, की झाला दारपाल. त्याच्या वर पोथी वाचणारा, आणखी वर मेणबत्ती धरणारा, असं चढत चढत पाद्रीपर्यंत. आधी जो दारपाल झाला तो दाराशीच म्हातारा व्हायचा. पुढे रीत बदलली. पाद्री व्हायला निघालेल्यांना या पायऱ्या भराभर मिळू लागल्या, सकाळी दारपाल तर दुपारी वाचक. सगळे वर गेले. दार कुणी सांभाळायचं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

करंजभाटचा म्हातारा दारपाल वारला तेव्हा गावात पाद्री बस्त्याव होते, वाचक इनास होता, मेणबत्तीवाला पास्कू होता. पण वरच्यानं खालचं काम केलं तर त्याची पायरी जाते आणि साध्या माणसानं किल्लीला हात लावला तर त्याला पाप लागतं, असं गाव धरून बसलेलं. कुठल्या कायद्यात तसं नव्हतं म्हणे. तरी दार बंदच राहिलं. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, अंगणात आंब्याखाली व्हायची, मोहोर द्राक्षारसाच्या प्याल्यात पडायचा आणि बंद दारावर हिरवं शेवाळ चढत होतं.

मग तो दिवस आला. वारा नाही, आवाज नाही. दूध तापावं तशी खाडी गुपचूप वर आली. घरातली मडकी तरंगत दाराबाहेर निघाली, कोंबडे छपरावर जाऊन बसले. माणसं उंचवट्यावर धावली आणि पाणी त्यांच्या मागोमाग आलं. आत वरची माडी होती, तिथे अख्खं गाव मावलं असतं. मध्ये फक्त ते दार.

उर्सू नावाची बाई नऊ महिन्यांचा मुलगा खांद्याशी धरून पुढे आली.

"फादर, किल्ली घ्या ना."

"ती पायरी माझी राहिली नाही, बाय," पाद्री म्हणाले.

"इनास, तू?"

"माझं पोथीचं काम."

"आणि पास्कूचं मेणबत्तीचं! धर मग मेणबत्ती, बुडताना आम्हांला एकमेकांची तोंडं तरी दिसतील."

तशा वेळीही मागे कुणीतरी हसलं, असं सांगतात.

दाराच्या पायऱ्यांखाली पाणी उर्सूच्या गुडघ्याला लागलं. तिनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग किल्लीकडे.

"याला पायरी नाही, म्हणजे जाईल असं काही नाही. आणि पाप करायला याला अजून पुष्कळ वर्षं आहेत."

असं म्हणाली खरी, पण मनात होतंच, पोराच्या हाताला काही झालं तर? तरी ती पायऱ्या चढली, त्याला खुंटीशी धरून किल्लीभोवती त्याचीच मूठ मिटवली, त्या मुठीवर आपला हात ठेवला आणि किल्ली दारात घालून फिरवली. दार उघडलं. आत कुणी नसताना घंटा एकदाच वाजली, म्हणे. गाव माडीवर चढलं. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं आणि दमलेल्या गाईसारखं तिथेच बसलं.

पाणी ओसरल्यावर बिशप होडीतून आले. आता पोराला चर्चबाहेर काढतील, या भीतीनं उर्सूनं त्याला पदराखाली झाकलं. पण बिशप पुन्हा लावलेल्या दाराशी थांबले.

"उघडणारा कुठाय?"

"झोपलाय हो," उर्सू पुटपुटली.

"मग उठू दे," असं म्हणून ते ओल्या पायरीवर बसले. मूल उठेपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी स्वतः त्याच्या मुठीत किल्ली ठेवली, दारपालाला देतात तशी. तेव्हापासून खुंटीही खाली आली. पाद्री बस्त्याव त्या दिवशी सगळ्यांच्या मागून आत गेले.

दारपाल हा हुद्दा आता कायद्यात राहिला नाही म्हणतात. आमच्याकडे आजही सणाच्या दिवशी तीन वाजून वीस मिनिटांनी तान्ह्याच्या मुठीनंच दार उघडतं आणि तोवर फादर, मोठे फादर, सगळे बाहेर उभे असतात. चालायला लागलेलं मूल घेत नाहीत. यंदा गावात तान्हा माझा एकटाच आहे आणि तोही परवापासून भिंत धरून उभा राहतोय. सणाला अजून महिना आहे. रोज सकाळी त्याच्या पायांकडे बघते आणि जीव खालीवर होतो. आपल्यातले बरेच जण विरारला, नायगावला राहायला गेलेत. कुणाच्या घरी रांगतं मूल असेल तर त्यांना एवढं सांगा, आणि त्यांना पुढे सांगायला सांगा: सणाला या, दाराशी कुणीतरी हवं आहे.