तिसरा दगड

मुलांनो, नदीपलीकडच्या रानात एक खार राहत असे. त्याच रानात, बांधाच्या पोटात, एक उंदीर राहत असे. दोघेही आईच्या हातचे खाऊन वाढलेले. त्या वर्षी आधी खारीची आई गेली, मग उंदराची. एकट्याने घास उतरेना, म्हणून दोघांनी जांभळाच्या मुळाशी असलेल्या ढोलीत एकत्र बिऱ्हाड थाटले. स्वयंपाक दोघांनाही येत नव्हता. पण शिकू, असे त्यांना वाटले.

नदीकाठी सापडलेले एक कान तुटलेले गाडगे होते. उंदराने शेतातून ज्वारी वेचून आणली, खारीने चिंच आणली. शिवाय दोघांनी आपापल्या आईच्या चुलीतला एकेक दगड ढकलत आणला होता, धुराने काळा झालेला. चूल मांडायला तीन दगड लागतात. खार म्हणाली, "तिसराही माझ्या आईच्या चुलीतलाच आणू." उंदीर म्हणाला, "का म्हणून? आणायचा तर माझ्या आईच्या." वाद मिटेना आणि भूक थांबेना. शेवटी दोन दगडांवरच गाडगे टेकवले. ज्वारीच्या कण्या शिजत आल्या, वास सुटला, आणि गाडगे कलंडले. सगळ्या कण्या राखेत! दोघे उपाशीच झोपले.

सकाळी दाराशी शेजारचे म्हातारे कासव हजर. नव्या बिऱ्हाडाचे पहिले पाहुणे म्हणून दोघांनी त्याला हौसेने जेवायला बोलावले होते. "कालच निघालो, म्हणून वेळेवर पोचलो," ते म्हणाले. ज्वारी आता एका गाडग्यापुरतीच उरली होती. तीही सांडली असती, तर पाहुणा उपाशी गेला असता. खारीने हळूच विचारले, "आजोबा, तुमच्या पाठीला गाडगं टेकवू का?"

"नको गं बाई," कासव म्हणाले. "मी जेवायला आलोय, भाजून घ्यायला नाही."

"हिच्या हट्टापायी झालं हे," उंदीर म्हणाला.

"आणि तू मोठा शहाणा!" खार म्हणाली.

"मग जातोच मी. राहा एकटी!" असे म्हणून उंदीर आपला दगड ढकलत निघून गेला.

आपली वेगळी चूल मांडावी म्हणून तो टेकाडाच्या उतारावर दगड शोधू लागला. एक छान दगड दिसला, खाली सपाट, वर किंचित खोलगट. पण तो हलेना. तेवढ्यात मागून खार आली. तीही आपल्या चुलीसाठी दगड शोधत होती.

"हा मी आधी पाहिला," उंदीर म्हणाला.

"मग ने की!"

त्याने पुन्हा जोर लावला, दगड हलला नाही. तिने लावला, तरी नाही. मग दोघे एकाच बाजूला उभे राहिले आणि त्यांनी खांदा लावला. दगड सरकला. ढकलता ढकलता तो ढोलीच्या दाराशी आला, तेव्हा दोघांना धाप लागली होती.

"हा आता कोणाचा?" उंदराने विचारले.

खार विचार करून म्हणाली, "तुझ्या आईचाही नाही, माझ्या आईचाही नाही. आपला."

उंदीर उठला, उताराकडे गेला आणि तिथे राहिलेला आपल्या आईचा दगड परत घेऊन आला.

तीन दगडांवर गाडगे घट्ट बसले. उंदराने जाळ घातला, खारीने चिंच घातली. चिंच जरा जास्तच पडली आणि कण्या तळाला लागल्या. खार ओशाळून म्हणाली, "आजोबा, थोडं करपलंय हो."

"ती खरवडच वाढ मला," कासव म्हणाले. "फार दिवसांत कोणी दिली नाही."

तिघांनी गाडगे पुसून खाल्ले. पुढे तिन्ही दगड सारखेच काळे झाले. तरी खारीला आपल्या आईचा दगड ओळखता येई, उंदराला आपल्या आईचा. आणि तिसरा दोघांनाही.

तात्पर्य : नव्या घरात आपापल्या घरची आठवण जरूर आणावी, पण घर उभे राहते ते दोघांनी मिळून आणलेल्या गोष्टीवर.